श्वानांच्या उपचारात रक्तशुद्धीकरण

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून वावरणारा कुत्रा अन्न सोडतो, वारंवार ओकतो, दोन-तीन दिवसांत त्याचे डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात आणि लघवी मंदावते. पुष्कळदा हा लेप्टोस्पायरोसिस असतो. उंदरांच्या लघवीवाटे पाण्यात व चिखलात मिसळणारे हे जंतू जखमेतून किंवा डोळ्यांच्या अस्तरातून शरीरात शिरून मूत्रपिंडांत व यकृतात ठाण मांडतात. मुंबईत जुलै 2005 मधील महापुरानंतर माणसांत पसरलेला लेप्टो तो हाच.

पेनिसिलिन वा डॉक्सिसायक्लिनने जंतू मरतात. तरीही कुत्रा दगावू शकतो. मूत्रपिंडे बंद पडली की युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये रक्तात साचतात आणि पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तशुद्धीकरण, म्हणजेच डायलिसिस, उपयोगी पडते ते येथे. त्याने रोगजंतूंचा नाश होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मूत्रपिंडे सावरेपर्यंत प्राण टिकवून धरणे एवढेच त्याचे कार्य, आणि ते थोडे नव्हे.

कुत्र्याच्या मानेतील मोठ्या शिरेत दुहेरी नळी बसविली जाते. एका वाटेने बाहेर आलेले रक्त गोठू नये म्हणून त्यात हेपारिन मिसळतात व ते हजारो पोकळ तंतूंच्या गाळणीतून नेतात. तंतूंच्या बाहेरून क्षारयुक्त द्रव वाहत असतो. टाकाऊ द्रव्ये तंतूंच्या भिंतीतून त्या द्रवात उतरतात. रक्तपेशी आतच राहतात आणि शुद्ध रक्त दुसऱ्या वाटेने परत जाते. खरी अडचण आकाराची. दहा किलो वजनाच्या कुत्र्यात रक्त असते जेमतेम 800 ते 900 मिलिलिटर. त्यातील 100 मिलिलिटर नळ्यांत अडकले तरी रक्तदाब घसरू शकतो. म्हणून लहान मुलांसाठीची गाळणी वापरावी लागते. पहिली फेरी मुद्दाम संथ ठेवतात, कारण युरिया एकाएकी उतरल्यास मेंदूला सूज येते.

या तंत्राचा आरंभच श्वानांपासून झाला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 1913 मध्ये जॉन एबल यांनी जिवंत कुत्र्यांचे रक्त कलोडियनच्या नळ्यांतून फिरविले. हेपारिनचा शोध तेव्हा लागला नव्हता. रक्त पातळ ठेवण्यासाठी त्यांनी जळवांपासून काढलेले द्रव्य वापरले. पुढे 1943 मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी माणसांसाठी कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. प्रयोगासाठी ज्यांचे रक्त फिरविले, त्या प्राण्यांच्या वाट्याला हा उपचार यावयास मात्र कित्येक दशके लागली.

भारतात चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयात श्वानांसाठी ही सोय आहे. परंतु ती फार थोड्या ठिकाणी असून खर्चिकही आहे. यंत्र नसेल तेथे पोटाच्या पोकळीत द्रव सोडून काही वेळाने तो काढून घेण्याची पद्धत पशुवैद्यक अवलंबू शकतात. ती अधिक किचकट, जंतुसंसर्गाचा धोका असलेली, तरी निरुपायाच्या वेळी आधार देणारी आहे. दोन्ही बाबतीत वेळ महत्त्वाची: लघवी पूर्ण थांबण्याची वाट न पाहता, ओकारी व कावीळ दिसताच रक्ततपासणी करवून घ्यावी.

बरा झालेला कुत्राही काही काळ लघवीतून जंतू सोडू शकतो. त्यासाठी पशुवैद्यकाने सांगितलेला डॉक्सिसायक्लिनचा क्रम पूर्ण करावा लागतो, आणि तोवर त्याची जागा धुताना हातमोजे घालणे, लघवीवर जंतुनाशक टाकणे व मुलांना दूर ठेवणे आवश्यक असते.