अडखळणाऱ्या बोटांना धाक किती?

पियानोच्या क्लासमध्ये कुणी ना कुणी पालक अधूनमधून म्हणतातच, ‘मिस, जरा कडक राहा त्याच्याशी, तुमचं तो ऐकेल.’ दुसरं वर्ष सरत आलं तरी मुलगा पहिल्या ग्रेडच्याच पुस्तकात अडकलेला असतो. फी भरणाऱ्यांचा धीर सुटत चाललेला असतो, आणि आपण याला फारच सांभाळून घेतो की काय, अशी शंका शिक्षकालाही येऊ लागते. कडक राहावं का, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा ऐकीव गोष्टींच्या भरवशावर दिलं जातं.

गैरसमज : मोठे कलाकार मार खाऊनच घडले

इथे बेथोव्हेनचं नाव हमखास निघतं. वडील योहान त्याला रात्री-अपरात्री झोपेतून उठवून वाजवायला बसवत, वाद्यापुढे उभं राहून रडणारा लहानगा लुडविग लोकांनी पाहिला होता, अशा आठवणी नोंदलेल्या आहेत. त्या नाकारण्याचं कारण नाही. पण हा दाखला देणारे बॉन शहरातल्या दुसऱ्या एका माणसाला विसरतात. तो म्हणजे दरबारचा ऑर्गनवादक ख्रिस्टियान गॉटलोब नीफे. त्याने या मुलाच्या हाती बाखचे प्रील्यूड आणि फ्यूग दिले, 1782 मध्ये, मुलगा अकरा वर्षांचा असताना, त्याला आपल्या जागी ऑर्गनवर बसवलं, त्याची पहिली रचना छापून आणली आणि 1783 मध्ये एका नियतकालिकात त्याच्याविषयी लिहिलंही. पुढे व्हिएन्नाला गेल्यावर बेथोव्हेनने पत्र लिहून आभार मानले ते नीफेचे.

दुसरी गोष्ट जाझमधली. ‘व्हिप्लॅश’ हा 2014 चा चित्रपट पाहिलेले लोक ती सांगतात. ड्रमर जो जोन्सने सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या डोक्यावर झांज फेकून मारली आणि त्या अपमानातून पार्कर घडला, अशी. प्रसंग कॅन्सस सिटीतल्या रेनो क्लबमधला, 1936 चा. तिथे हजर असलेल्या जीन रेमी या वादकाने सांगितलंय की झांज पार्करच्या पायांपाशी पडली होती, ‘आता थांब’ एवढाच तिचा अर्थ. अपमान झाला, हे खरं. पण 1937 च्या उन्हाळ्यात पार्कर ओझार्कच्या डोंगरात एका बँडबरोबर राहिला, लेस्टर यंगच्या रेकॉर्ड्स ऐकून त्याने एकेक सोलो बसवला आणि बँडमधल्या जाणत्यांनी त्याला कॉर्डची रचना शिकवली. झांजेने त्याला फक्त थांबवलं. शिकवलं ते या लोकांनी.

धाकाने घडलेल्यांच्या कथा आपल्यापर्यंत पोचतात, कारण ते टिकले. धाकाने वाद्य कायमचं बंद केलेल्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. आपल्याकडच्या गुरुगृही राहून शिकलेल्यांच्या कथांनाही हे लागू आहे.

बोटांवर पट्टी मारण्याबद्दल तर चर्चाच नको. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. खासगी क्लासला वेगळी माणुसकी नसते. शिवाय वाद्याच्या दृष्टीनेही तो मूर्खपणा आहे. भ्यालेल्या मुलाचे खांदे वर चढतात, मनगट ताठ होतं, अंगठा बोटांखालून सरकत नाही आणि स्केल नेमकी तिथेच तुटते.

गैरसमज : येत नाही, म्हणजे प्रॅक्टिस केलेली नाही

सगळ्यांत जास्त अन्याय मला इथे दिसतो.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पियानो क्वचितच असतो. असतो तो 61 पट्ट्यांचा कीबोर्ड, टेबलावर नाहीतर पलंगावर ठेवलेला. पियानोची पट्टी दाबायला साधारण 50 ग्रॅम वजन लागतं, ती सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते आणि किती वेगाने दाबली यावर आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो. स्वस्त कीबोर्डच्या पट्ट्या स्प्रिंगवर असतात, नुसता स्पर्श पुरतो. आठवडाभर त्यावर बसणारं मूल क्लासच्या 88 पट्ट्यांच्या पियानोवर आलं की चौथं आणि पाचवं बोट दगा देतं, काही सूर उमटतच नाहीत. शिक्षकाला वाटतं, घरी हात लावलेला नाही. खरं तर त्याने रोज हात लावलेला असतो, फक्त वेगळ्या वाद्याला.

मराठी घरांत आणखी एक गोष्ट घडते. घरात पेटी असेल तर मूल कानाने पटकन उचलतं. दोनदा ऐकलं की वाजवतं. शिक्षक खूश होतात आणि हे मूल नोटेशन वाचतच नाही, हे वर्षभर कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय पेटीवर डावा हात भाता चालवतो, सूर वाजवतो तो उजवाच. पियानोवर मात्र डाव्या हाताला स्वतःची ओळ असते आणि ती वेगळ्या क्लेफमध्ये वाचावी लागते. दोन्ही हात स्वतंत्र चालायची वेळ आली की कालपर्यंतचा हुशार विद्यार्थी एकदम ‘ढ’ ठरतो. त्याला ओरडून काय मिळणार? त्याला डाव्या हाताची एक-एक ओळ वेगळी वाचायला बसवायला हवं. ते कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही.

मग साध्या गोष्टी. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या. स्वर चुकीच्या रेषेवर वाचत असेल तर आधी डोळे तपासा. एका ऑक्टेव्हची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते, आठ-नऊ वर्षांच्या पुष्कळ मुलांचा पंजा तेवढा फाकत नाही. तिथे खालचा सूर गाळून टाकावा. हे सगळं पाहण्याआधी ‘आळशी’ हा शब्द उच्चारू नये.

गैरसमज : तास वाढवले की गाडी मार्गी लागते

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पियानोच्या 17 प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्तोतला एक छोटा तुकडा हवा तितका वेळ घोटायला दिला आणि दुसऱ्या दिवशी तो वाजवून घेतला. 2009 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तम वाजवणं आणि घोटायला दिलेला वेळ यांचा मेळ बसला नाही. किती वेळा घोटलं, याच्याशीही नाही. सरस ठरलेल्यांच्याही चुका होत होत्या, पण चूक नेमकी कुठे होते ते ते शोधत, तिथे वेग कमी करत आणि ती जागा पक्की झाल्याशिवाय पुढे जात नसत. उरलेले चुकीसकट तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, म्हणजे चुकीचाच रियाज झाला.

एक शिष्या रोज सहा तास घोटते हे कळल्यावर शोपाँ चिडला आणि तीनच्या वर बसायचं नाही, अशी त्याने ताकीद दिली. तोही कडक शिक्षक होता, धड्यात भडकायचाही. पण त्याचा हा कडकपणा मला फार शहाणा वाटतो. लिऑन फ्लायशरसारख्या अव्वल पियानोवादकाचा उजवा हात 1964 मध्ये निकामी झाला, बोटं आपोआप आत वळू लागली, आणि आपल्या अतिरेकी सरावाला तो स्वतः दोष देत असे. अडखळणाऱ्या मुलाला ‘रोज दोन तास बस’ सांगण्यापेक्षा वीस मिनिटांत काय करायचं हे वहीत लिहून देणं जास्त कष्टाचं आहे. म्हणूनच ते कमी वेळा होतं.

गैरसमज : प्रेमळ म्हणजे ढिला

ब्रिटनमध्ये 8 ते 18 वयाच्या 257 मुलांकडून त्यांच्या संगीतशिक्षकांविषयी माहिती घेतली गेली. 1998 मध्ये त्यावर लेख आला. पुढे गेलेल्या मुलांना पहिले शिक्षक मोकळे, गप्पा मारणारे आणि चांगलं शिकवणारेही वाटले होते. पुढच्या टप्प्यावरच्या शिक्षकांबद्दल मात्र ही मुलं स्वभाव वेगळा आणि विद्या वेगळी, असा भेद करू लागली होती. म्हणजे कठोर गुरू पचवण्याचंही एक वय असतं, आणि पहिल्या ग्रेडमध्ये अडकलेलं मूल त्या वयात नाही.

पण सगळ्याला ‘छान, छान’ म्हणणं हाही तेवढाच मोठा दोष आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. चुकीचं फिंगरिंग तीन महिने चालू दिलं तर ते सोडवायला वर्ष जातं. ते सोडवताना रडतं मूल, शिक्षक नाही.

बेथोव्हेनने पुतण्या कार्लला कार्ल चेर्नीकडे शिकायला पाठवलं, तेव्हा चेर्नीला लिहिलेल्या पत्रात क्रम घालून दिला होता. आधी बोटं बरोबर, लय बरोबर, सूर बऱ्यापैकी बरोबर. ते जमल्यावर भावाकडे वळायचं. आणि मग छोट्या चुकांसाठी मध्येच अडवायचं नाही, तुकडा संपल्यावर दाखवायच्या. मुलाला प्रेमाने वागवा पण गांभीर्य सोडू नका, असंही त्याने सांगितलं. ज्याला लहानपणी झोपेतून उठवून वाजवायला लावलं होतं, तोच माणूस हे लिहितो आहे.

हे आजच्या क्लासमध्ये असं दिसेल. गृहपाठ पानभर नको, चार बार. मेट्रोनोम सावकाश. तिसरं बोट लिहिलंय तिथे तिसरंच, त्यात सूट नाही. चार बार जमले नाहीत तर पुढच्या आठवड्यात तेच चार, न ओरडता, आणि ते दोन हातांऐवजी एका हाताने. जमले तर त्या दिवशी मुलाच्या आवडीचं काहीतरी, मग ते सिनेमातलं गाणं का असेना. यंदाची ग्रेडची परीक्षा चुकली तर चुकू द्यावी. पालकांना ते पटवायला शिक्षकाने खंबीर असावं लागतं. कडकपणाची खरी गरज मला तिथे दिसते.