ताटातील तोंडीलावणे आणि धान्याचा वाटा

मराठी घरात भाजी, कोशिंबीर आणि चटणी यांना मिळून ‘तोंडीलावणे’ असा एक शब्द आहे. पोट भरावयाचे ते भाकरीने, पोळीने किंवा भाताने. भाजी ही त्या घासाला चव आणण्यापुरती. जेवणाविषयीची ही कल्पना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून तिला भक्कम कारणही होते. नांगर, मोट, डोक्यावरील ओझी आणि मैलोगणती पायपीट यांसाठी लागणारी शक्ती धान्यच देत असे. ज्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढले, तिच्या दृष्टीने धान्याने भरलेली कणगी हेच सुबत्तेचे लक्षण होते.

आज परिस्थिती बदलली आहे. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, पायवाटेच्या जागी दुचाकी आली आणि कचेरी, दुकान व वर्ग यांत बसून काम करणाऱ्यांची संख्या वाढली. श्रम घटले, परंतु ताटातील धान्याचा वाटा मात्र होता तसाच राहिला. किंबहुना हातसडीच्या तांदळाऐवजी पांढराशुभ्र तांदूळ आणि दिवसातून अनेक वेळा गोड चहा यांची त्यात भर पडली. या विसंगतीचे परिणाम आता घरोघरी दिसू लागले आहेत.

मधुमेहाचा विस्तार

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा केवळ शहरातील सुखवस्तू लोकांचा आजार आहे, ही समजूत आता टिकणारी नाही.

याच परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक सुधारित मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यातून मिळणारे उष्मांक ४५ टक्क्यांहून अधिक नसावेत, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण ५० ते ७० टक्क्यांपर्यंत जाते. दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी संस्थेने सुचविलेले प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. म्हणजे वजनाने पाहता भाजी ही धान्याहून अधिक असावयास हवी. आपल्या ताटात नेमके याच्या उलट घडते.

पिष्ट आणि साखर

तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी ही सर्व धान्ये मुख्यत्वे पिष्टमय आहेत. पचनक्रियेत पिष्टाचे रूपांतर ग्लुकोज या साखरेत होते आणि ती रक्तात मिसळते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ही साखर पेशींपर्यंत पोहोचविण्यास साहाय्य करते. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते किंवा त्याचा प्रभाव मंदावतो, आणि रक्तातील साखर वाढलेली राहते. दीर्घकाळ अशी स्थिती राहिल्यास डोळे, मूत्रपिंडे, हृदय व पायांच्या नसा यांना इजा पोहोचते.

भाजीचे स्वरूप निराळे आहे. फुलकोबी, कोबी, दुधी, काकडी, पडवळ, दोडका, मुळा या भाज्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाणी असते आणि पिष्ट अत्यल्प असते. त्यांतील तंतुमय भाग पचनाची गती मंद करतो आणि पोट भरल्याची जाणीव देतो.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पन्नास ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात शिजविला, तर त्यातून सुमारे ३९ ग्रॅम पिष्टमय पदार्थ मिळतात. तांदूळ निम्मा म्हणजे २५ ग्रॅम घेऊन त्यात शंभर ग्रॅम किसलेली फुलकोबी मिसळली, तर हे प्रमाण २४ ग्रॅमच्या आसपास येते. वाटी भरलेलीच राहते, पण तिच्यातील पिष्टाचा भार सुमारे दोन पंचमांशाने उतरतो. धान्याऐवजी भाजी वापरण्यामागील सारे तत्त्व एवढेच आहे.

स्वयंपाकघरातील प्रयोग

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. थालीपिठात काकडी किंवा दुधी किसून घालणे, कोबीच्या व कोथिंबिरीच्या वड्या करणे, कोकणात व गोव्यात काकडीच्या किसाची तवसाळी करणे, या जुन्याच रीती आहेत. आता एवढेच करावयाचे आहे की, भाजीचा वाटा चवीपुरता न ठेवता तो धान्याच्या बरोबरीचा करावयाचा.

फुलकोबीचा भात : फुलकोबीचे तुरे मिठाच्या कोमट पाण्यात काही वेळ ठेवावेत, म्हणजे त्यांतील अळ्या निघून जातात. नंतर ते कोरडे करून किसणीच्या मोठ्या बाजूने किसावेत. कीस कढईत थोड्या तेलावर, झाकण न ठेवता, पाच-सहा मिनिटे परतावा. झाकण ठेवल्यास वाफेचे पाणी सुटून त्याचा लगदा होतो; पहिल्यांदा करणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा याच कारणाने. मोहरी, हिंग, हळद व कढीपत्ता यांच्या फोडणीत हा कीस आणि मोकळा शिजविलेला भात समप्रमाणात मिसळावा. आमटी किंवा ताकाबरोबर तो चांगला लागतो. आरंभी भाताचा चौथा हिस्साच फुलकोबीचा ठेवून पुढे तो वाढवीत नेल्यास घरातील मंडळींची तक्रार राहत नाही.

दुधीचे थालीपीठ : दुधी किसण्यापूर्वी त्याचा लहानसा तुकडा चाखून पाहावा. तो कडू लागला तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा. कडू दुधीतील द्रव्य विषारी असते व ते शिजविल्यानेही नाहीसे होते असे समजू नये. गोड्या दुधीचा वाटीभर कीस, त्यात मावेल एवढेच ज्वारीचे पीठ आणि बेसन, तीळ, ओवा, हिरवी मिरची व कोथिंबीर एकत्र मळावी. किसाला सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजते, वेगळे पाणी घालण्याची गरज क्वचितच पडते. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे चाळीस ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. वीस ग्रॅम ज्वारी, पंधरा ग्रॅम बेसन आणि साठ-सत्तर ग्रॅम दुधी यांच्या थालीपिठात ते पंचवीस ग्रॅमपेक्षा कमी भरतात. बेसनामुळे प्रथिनांत फारशी घट होत नाही.

पोहे आणि उपमा : निम्म्या पोह्यांच्या जागी बारीक चिरलेला कोबी घालून तो आधी फोडणीत परतावा व मग भिजविलेले पोहे घालावेत. उपम्यात रव्याइतक्याच मापाने फरसबी, गाजर, सिमला मिरची आणि थोडे मटार घालता येतात. कोबीची मोठी पाने क्षणभर वाफवून त्यांत मुगाच्या उसळीचे सारण गुंडाळले, तर सायंकाळी एखाद्या पोळीची जागा ते सहज घेते.

या सर्व पदार्थांत तेलाचा हात आखडता ठेवणे अगत्याचे आहे. परतताना भाजी तेल शोषून घेते; धान्यात वाचविलेले उष्मांक तेलातून परत आले, तर खटाटोप व्यर्थ जातो. जेवणाचा क्रमही उपयोगी पडतो. आरंभी कोशिंबीर, भाजी व वरण घेऊन त्यानंतर भात किंवा भाकरी खाल्ल्यास साखर सावकाश वाढते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

काही गैरसमज

सर्वच भाज्या या कामी उपयोगाच्या नाहीत. बटाटा, रताळे, सुरण, अरवी आणि कच्ची केळी या वनस्पतीच्या पिष्ट साठविणाऱ्या अवयवांपासून मिळतात. बटाट्याची भाजी आणि पोळी हे जेवण म्हणजे पिष्टाबरोबर पिष्टच होय. त्यांना आहारात स्थान आहे, पण ते धान्याच्या खात्यावर मांडावयास हवे.

दुसरा गैरसमज उपवासाचा. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टच असून त्यात पिष्टाचे प्रमाण तांदळाहूनही अधिक असते. मधुमेही व्यक्तीने उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन आपण हलके अन्न घेतले असे मानणे, ही स्वतःची फसवणूक ठरते. भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, शेंगदाणे व ताक हा त्याहून चांगला पर्याय होय.

तिसरा गैरसमज भरड धान्यांविषयी. ज्वारी, बाजरी व नाचणी यांत तंतुमय भाग आणि खनिजे पांढऱ्या तांदळापेक्षा सरस असतात, म्हणून ती अवश्य खावीत. परंतु त्यांच्या वजनाचाही सुमारे दोन तृतीयांश भाग पिष्टमयच असतो. नाचणीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असे नाही.

प्रथिनांची जागा रिकामी राहू नये

धान्य केवळ पिष्ट देत नाही. त्यातून प्रथिनेही मिळतात, आणि शाकाहारी घरात तर त्यांचा मोठा हिस्सा धान्यातूनच येतो. दोन पोळ्या कमी करून त्या जागी केवळ दुधी खाल्ला, तर साखर आटोक्यात येईल पण अशक्तपणा वाढेल. म्हणून धान्याचा वाटा भाजीला देताना त्याबरोबर एक वाटी उसळ, घट्ट वरण, दही, अंडे किंवा मासळी यांपैकी काहीतरी ताटात वाढले गेलेच पाहिजे.

हा सल्ला कोणासाठी नव्हे

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. ज्या गावात आजोबांना मधुमेह आहे, त्याच गावात, कधी कधी त्याच घरात, नातू कमी वजनाचा असतो. एकाच्या ताटातून कमी करावयाचे ते दुसऱ्याच्या ताटात पूर्ण पडावयास हवे. घरातील सर्वांसाठी एकच पातेले चढत असल्यास फुलकोबी भातात सरसकट न मिसळता वेगळी परतून ठेवावी आणि वाढताना ज्याच्या त्याच्या ताटात मिसळावी.

वाढत्या वयाची मुले, गरोदर व स्तनदा माता, क्षयरोगाचे रुग्ण आणि अंगमेहनतीची कामे करणारे शेतमजूर यांच्या आहारातील धान्य कमी करू नये. दीडशे ग्रॅम फुलकोबीत जेमतेम ४० उष्मांक असतात, तर पन्नास ग्रॅम तांदळात सुमारे १७५. ऊसतोडणीला जाणाऱ्या माणसाचे काम फुलकोबीवर चालणार नाही.

शिक्षकांनी तर हा भेद कटाक्षाने पाळावा. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी आणि उच्च प्राथमिक वर्गासाठी अनुक्रमे १५०, ३० व ७५ ग्रॅम असे प्रमाण ठरलेले आहे. येथे भाजी ही धान्याच्या जोडीला आहे, धान्याच्या जागी नाही.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी धान्य एकाएकी कमी करू नये. औषधाची मात्रा तीच राहिली आणि आहारातील पिष्ट घटले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. आहारात बदल करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाच्या विकारात काही भाज्याही मर्यादेत खाव्या लागतात. त्या रुग्णांनीही वैद्यकीय सल्ल्यानेच बदल करावा.

गावपातळीवर काय करता येईल

भाजी महाग आणि धान्य स्वस्त, ही अडचण खरी आहे. शिधापत्रिकेवर तांदूळ व गहू मिळतो, भाजी बाजारातूनच आणावी लागते. म्हणूनच परसबागेचे महत्त्व मोठे आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर दुधी, दोडका, काकडी आणि भोपळा यांचे वेल सहज वाढतात आणि शेवग्याचे एखादे झाड कुंपणाशी उभे राहते. फुलकोबी व कोबी हिवाळ्यात स्वस्त होतात, तेव्हा त्यांचा भरपूर उपयोग करावा. एरवी दुधी, पडवळ आणि दोडका यांवर भर द्यावा. शाळेची बाग, महिला बचत गट आणि अंगणवाडी यांना वेलांचे बियाणे व थोडी जागा मिळवून देणे ग्रामपंचायतीला कठीण नाही. ग्रामसभेच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या मदतीने तीस वर्षांवरील ग्रामस्थांची साखर तपासून घेतली, तर हा सल्ला नेमका कोणाला द्यावयाचा हेही कळून येईल.

मधुमेह भाजीने बरा होतो, असा दावा कोणी करू नये. औषध, व्यायाम व नियमित तपासणी यांना पर्याय नाही. परंतु दिवसातून दोन वेळा भरले जाणारे ताट हे प्रत्येक घराच्या हाती आहे. ज्याचे श्रम कमी झाले आणि साखर वाढली, त्याच्या ताटातील तोंडीलावणे आता ताटाच्या मध्यावर आले पाहिजे. आणि ज्याचे अंग अजून भरावयाचे आहे, त्याची भाकरी मात्र कोणी अर्धी करू नये.