शरीराचे कारभारी – लेखांक 9 : साखर नसलेला डायबेटिस

मागच्या आठवड्यात पीयूषिका ग्रंथीची ओळख झाली. मटाराच्या दाण्याएवढ्या या ग्रंथीच्या मागच्या भागात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक साठवलेलं असतं. तयार मात्र ते तिच्या वर, हायपोथॅलॅमसमध्ये होतं. मूत्रपिंडांना त्याचा निरोप एकच : पाणी राखा. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घेतात. त्यातला बराचसा आपसूक परततो, शेवटचा हिशेब मात्र व्हॅसोप्रेसिनच्या हाती. हा निरोप निघालाच नाही, किंवा निघूनही मूत्रपिंडांनी ऐकला नाही, तर दिवसाला तीन लिटरहून जास्त, क्वचित पंधरा-वीस लिटरही लघवी होते, आणि तहान माणसाला रात्रीही झोपू देत नाही. हा डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी याचा काडीचाही संबंध नाही, आणि माझ्या मते त्याचा मोठा धोका त्याच्या नावातच आहे.

'डायबेटिस' या ग्रीक शब्दात आरपार वाहून जाण्याचा अर्थ आहे. 'मेलिटस' म्हणजे मधासारखा गोड, 'इन्सिपिडस' म्हणजे बेचव. एकेकाळी वैद्य लघवी चाखून बघत, त्या जिभेच्या निवाड्यावरून ही नावं पडली. बोलताना दुसरा शब्द गळतो आणि 'डायबेटिस' तेवढा उरतो. मग नातेवाईक बिनसाखरेचा चहा पुढे करतात, वॉर्डात बोटाला सुई टोचून साखर तपासली जाते, ती नॉर्मल येते आणि सगळे निर्धास्त होतात. आयुर्वेदाने प्रमेहाच्या वीस प्रकारांत मधुमेह आणि उदकमेह निरनिराळे मोजले. उदकमेह म्हणजे हाच आजार असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण निदान तिथे नावांची गल्लत होत नाही.

नावाने असं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात या आजाराच्या 1034 रुग्णांपैकी 80 टक्क्यांनी सांगितलं, की आरोग्यसेवेतल्याच कुणीतरी त्यांच्या आजाराची मधुमेहाशी गल्लत केली होती. लंडनच्या एका रुग्णालयात 2009 साली खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 22 वर्षांच्या रुग्णाला त्याचं नेहमीचं औषध मिळालं नाही. पाण्यासाठी त्याने खाटेवरून पोलिसांना फोन केला. अखेर शरीरातलं पाणी आटून तो गेला. अशा अनुभवांमुळेच 2022 मध्ये तज्ज्ञांनी 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' आणि 'व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध' अशी दोन नवी नावं सुचवली. जुने केसपेपर आणि नवी नावं यांचा मेळ बसेपर्यंत गोंधळ वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण तो गोंधळ काही वर्षांचा. शिवाय नव्या नावांत उपचारही दिसतो : कमतरता असेल तर डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या किंवा नाकातला फवारा, प्रतिरोध असेल, उदाहरणार्थ लिथियम बरीच वर्षं घेतल्याने, तर त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे मीठ कमी करतात आणि थायाझाइड देतात. लघवी वाढवणारं हे औषध इथे ती कमी करतं, शरीरशास्त्राचा हा खट्याळपणाच म्हणायचा.

दुसरा आक्षेप घरातून येतो : 'पाणी कमी पी, म्हणजे सारखं जावं लागणार नाही.' हे उलटं गणित आहे. माणूस जास्त पितो म्हणून लघवी होत नाही. पाणी निघून जातं म्हणून तहान लागते. पाणी तोडलं तर रक्तातलं सोडियम चढतं. मात्र डेस्मोप्रेसिन चालू असताना तहान नसूनही तांब्यावर तांबे रिचवले, तर तेच सोडियम घसरतं आणि फिट येऊ शकते. म्हणून प्यायचं ते तहानेपुरतं. या रुग्णांनी निर्जळी उपवास धरू नये. शस्त्रक्रियेआधी 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही' असं सांगितलं, तर भूलतज्ज्ञांना आजाराचं पूर्ण नाव सांगावं आणि सलाईनचं व औषधाचं काय ते आधीच ठरवून घ्यावं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : 'मला मधुमेह नाही. व्हॅसोप्रेसिनची कमतरता आहे. माझं पाणी आणि डेस्मोप्रेसिन बंद करू नका.' प्रतिरोध असेल, तर मजकूर डॉक्टरांकडून बदलून घ्या.