डोंगराच्या पायऱ्या आणि विहिरीचे पाणी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना उन्हाळ्यात आजूबाजूचे डोंगर निरखून पाहिले, तर त्यांच्या उतारांवर आडवे टप्पे दिसतात. आधी उभा कडा, मग थोडी सपाटी आणि पुन्हा कडा. या पायऱ्यांमुळेच येथील खडकाला भूगर्भशास्त्रात 'दख्खन ट्रॅप' हे नाव मिळाले. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या युरोपीय शब्दावरून आला आहे.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारतीय भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, समुद्राने वेढलेली होती आणि उत्तरेकडे सरकत होती. तेव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस बाहेर पडला. तो थंड होऊन बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण बनला. झीज होऊनही आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे.

मात्र हा लाव्हारस सलग वाहिला नाही. एका प्रवाहानंतर दुसरा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षे जात. त्या काळात खडकाचा वरचा पृष्ठभाग ऊन-पावसाने कुजे आणि त्याची माती होई. पुढच्या प्रवाहाखाली गाडली गेलेली अशी माती आज दोन थरांमध्ये तांबड्या पट्ट्याच्या रूपात आढळते. सखल जागी तळी साचत आणि त्यांच्याकाठी जीवसृष्टी पुन्हा उभी राही. नागपूर परिसरातील अशा थरांतून स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात गोगलगायींचे शंख, मासे आणि वनस्पती यांचे जीवाश्म गोळा केले होते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लाव्हाखालच्या थरात डायनोसॉरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडली आहे. या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. गवत डायनोसॉरनंतर अवतरले, हा समज त्यामुळे बदलावा लागला. याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान भागात महाकाय अशनी आदळला. डायनोसॉरच्या विनाशात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखी वायूंचा किती, याची चर्चा अद्याप चालू आहे. पुढे मोकळ्या झालेल्या जगात सस्तन प्राण्यांचा विस्तार झाला. गोदावरीच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोड्यांचे जीवाश्म मिळतात. म्हणजे आज कोरड्या दिसणाऱ्या या खोऱ्यात एके काळी पाणघोडे डुंबत होते!

खडक झिजून कपाशीची काळी जमीन तयार झाली. कठीण, एकसंध थरांत माणसाने वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली आणि देवगिरीचे कडे तासले. परंतु या इतिहासाचा आपल्याशी सर्वांत निकटचा संबंध आहे तो पाण्याच्या निमित्ताने.

प्रत्येक प्रवाहाच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र होतो. पुढे ती पोकळी बहुधा खनिजांनी भरते. विहीर खोदणारे त्याला 'मांजऱ्या' म्हणतात. त्याखालचा काळा पाषाण मात्र घट्ट असतो. त्यात पाणी मुरते ते केवळ भेगांतून. त्यामुळे मराठवाड्याच्या जमिनीत पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात आणि दोन प्रवाहांच्या सांध्यांवर. गंगेच्या खोऱ्यासारखा शेकडो मीटर जाडीचा गाळाचा थर येथे नाही. हे भांडार लहान आहे. ते पावसाने भरते आणि लवकर रिते होते.

जुन्या काळी हे ओळखले गेले होते. सतराव्या शतकात मलिक अंबरने उभारलेली नहर शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने उताराने आणत असे. आज शहराची तहान प्रामुख्याने जायकवाडीवर भागते, तर वाड्या-वस्त्यांवर कूपनलिका अधिकाधिक खोल जातात. खोल पाषाणातील भेगांत पाणी लागलेच, तरी ते बहुधा थोडे असते आणि त्याची भरपाई सावकाश होते. अधिक खोल जाणे म्हणजे अधिक पाणी मिळणे नव्हे. नाल्यावर बंधारा घालणे, उतारावर समतल चर खणणे, मुरूम उपसून न नेणे, हे उपाय म्हणूनच येथील खडकाला अधिक मानवतात.

डोंगराच्या पायऱ्या घडायला लाखो वर्षे लागली. त्यांतले पाणी मात्र एका पावसाळ्याचे असते. पुढचा पाऊस येईपर्यंत तेवढ्यावरच भागवायचे आहे.