न पेरता उगवलेली रोपे

मृगाचा पाऊस झाला की पंधरवड्यात अंगणाचा नूर पालटतो. वृंदावनाच्या पायथ्याशी तुळशीची बारीक रोपे, फरशीच्या फटीत सदाफुली, कुंपणाच्या कडेला गुलबक्षी. न मागता आलेले हे पीक पाहून आधी बरे वाटते. श्रावण उजाडेपर्यंत त्याने मोगऱ्याची जागा व्यापलेली असते आणि गृहिणी खुरपे हातात घेऊन विचारात पडते. त्यातही तुळस उपटून टाकायला हात धजत नाही.

खरे तर ही काळजी बी धरतानाच घ्यायला हवी. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या, तर झाड दाट होते, जास्त दिवस टिकते आणि खाली रोपांचा गालिचाही पसरत नाही. बियांसाठी दोन तुरे राखले तरी पुष्कळ झाले. सदाफुलीच्या बारीक जोडशेंगा पिवळसर दिसू लागताच काढाव्यात. अबोलीची तऱ्हा वेगळी. वाळलेल्या कणसाला पाणी लागले की बोंड तडकते आणि बी लांब उडते. झारीने वरून पाणी घालायची सवय असलेल्यांच्या बागेत अबोली जिकडेतिकडे दिसते, त्याचे कारण हेच. पण गजरा करणाऱ्या घरात अबोली जास्त झाली, अशी तक्रार सहसा कोणी करत नाही!

गुलबक्षी मात्र चिवट. वरून उपटली तरी जमिनीत कंद राहतो आणि पुढच्या पावसात तो पुन्हा फुटतो. कंद खणूनच काढावा लागतो. तिचे काळे बी थेट मिऱ्यासारखे दिसते आणि ते विषारी असते. घरात लहान मूल असेल, तर बी गळण्याआधीच वेचून घ्यावे. सदाफुलीही गुरांना बाधते, तेव्हा उपटलेला भारा गायीपुढे टाकू नये.

उरलेल्या रोपांना सर्वात चांगली वाट संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. प्लॅस्टिकचे डबे वाणात देण्यापेक्षा अबोलीचे किंवा तुळशीचे रोप दिले, तर घेणारीही खूश होते. मात्र त्याची तयारी श्रावणातच करावी. चार-सहा पाने फुटलेले रोप संध्याकाळच्या वेळी, मुळाशी मातीचा गोळा ठेवून उचलावे. दुधाच्या पिशवीला खाली भोके पाडून त्यात लावावे आणि आठवडाभर सावलीत ठेवावे. थेट जानेवारीत उपटून दिलेले रोप दुसऱ्या घरी बहुधा मान टाकते.

सगळीच रोपे मात्र वाटण्याजोगी नसतात. पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेडेलिया दिसायला गोड. पण तिचा पेरभर तुकडा जिथे पडेल तिथे मूळ धरतो. जगातल्या 100 उपद्रवी परक्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे. त्याच यादीत घाणेरी आहे आणि जलपर्णीही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झाड म्हणून आली होती. आज देशभरच्या रानांत तिने देशी झुडपांना आणि गवताला हुसकावले आहे. बेळगावहून जांबोटीचे रान काही फार लांब नाही. पावसाळ्यात नाल्यात फेकलेली फांदी वाहत कुठे जाऊन रुजेल, याचा नेम नसतो.

म्हणून छाटलेली वेडेलिया आणि गुलबक्षीचे कंद भिंतीपलीकडे टाकू नयेत. गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर कडक उन्हात पसरावेत आणि चुरचुरीत वाळले की मगच खताच्या खड्ड्यात घालावेत. बी धरलेले तुरे खड्ड्यात अजिबात नकोत. घरच्या खड्ड्यात पुरेशी उष्णता होत नाही, त्यामुळे बी जिवंत राहते आणि ते खत घातलेल्या प्रत्येक कुंडीत पुढच्या मृगात तीच रोपे वर येतात.