एक तास प्रोग्रेसिव्ह रॉकचा

रॉक म्हटले की आपल्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात दोनच गोष्टी येतात : कानठळ्या बसवणारा गोंगाट आणि न समजणारे इंग्रजी. 'हे इंग्रजी शाळेत शिकलेल्यांचे काम' असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. निदान रॉकच्या एका शाखेबाबत तरी हा समज खरा नाही. ती शाखा म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. तिची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ही शाखा उदयास आली. तेव्हा रॉकचे गाणे साधारणपणे तीन मिनिटांचे असे. काही तरुण वादकांना ही चौकट अपुरी वाटू लागली. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील व जॅझमधील रचनेच्या पद्धती त्यांनी गिटार, ड्रम आणि ऑर्गन यांवर आणल्या. १९६९ मध्ये 'किंग क्रिमझन' या वृंदाची पहिली तबकडी निघाली आणि या प्रकाराला ठळक रूप आले. १९७२ मध्ये 'येस' या वृंदाच्या 'क्लोज टू द एज' या रचनेने एलपीची एक संपूर्ण बाजू, म्हणजे सुमारे १८ मिनिटे व्यापली. त्याच वर्षी 'जेथ्रो टल'ने तर एकच रचना दोन्ही बाजूंवर पसरली. विशेष म्हणजे यांतील कित्येकांची सुरुवात विद्यार्थिदशेतच झाली. 'जेनेसिस' हा वृंद शाळकरी मुलांनी उभा केला, तर 'पिंक फ्लॉइड'चे तिघे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकताना एकत्र आले.

आता यात आपल्याला गोडी का वाटावी? पहिले कारण मात्रांचे. रॉकची बहुतेक गाणी चार मात्रांत चालतात. ही मंडळी मात्र पाच, सात अशा वळणांनी जातात. 'पिंक फ्लॉइड'च्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मधील 'मनी' हे गाणे घ्या. आरंभी नाण्यांचा खळखळाट, गल्ल्याच्या यंत्राचा खणखणाट आणि कागद फाटल्याचा आवाज येतो. हे आवाज टेपवर घेतले, टेपचे तुकडे मोजून कापले आणि जोडून त्यांची फिरती माळ केली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे वाद्य कोणते! त्या माळेत सात ठोके आहेत आणि गाणेही सात मात्रांत चालते. आपल्या रूपक तालाच्याही मात्रा सातच. फक्त रूपकाची तीन-दोन-दोन अशी विभागणी येथे नाही. सॅक्सोफोन वाजतो तोही सातात. गिटार पुढे येताच मात्र ताल चारावर येतो आणि नंतर पुन्हा सातावर जातो. बाकावर बोटाने मोजत ऐका. बदल कोठे झाला हे सापडले की जो आनंद होतो, त्याला शब्दकोश लागत नाही.

दुसरे कारण लांबीचे. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावीचा. अर्धा अर्धा तास विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांच्या या मुलखात अठरा मिनिटांचे भय कशाला? या रचनांत आरंभीची सुरावट मध्येच नाहीशी होते आणि पुढे वेगळ्या रूपात परत येते. ती ओळखायची तर आधीचे लक्षात ठेवावे लागते.

खरी अडचण येथेच आहे. सकाळची बस, कॉलेज, दुपारी कॉम्प्युटर क्लास, रात्री अकाउंट्सची गणिते. उरलेला वेळ मोबाइल खातो. गणिते सोडवताना हे संगीत मागे लावून ठेवले, तर ट्रायल बॅलन्सही जुळत नाही आणि गाणेही हाती लागत नाही. 'द डार्क साइड ऑफ द मून' सुमारे ४३ मिनिटांची आहे, म्हणजे कॉलेजचा जवळजवळ एक तास. आठवड्यातून असा एक तास बाजूला काढा. मोबाइलवरच ऐकायचे असेल तर तो पालथा ठेवा आणि गाणी क्रमानेच ऐका, कारण ती बहुतेक एकमेकांत मिसळलेली आहेत. मन लावून ऐकण्याची ही सवय पुढे वर्गातही उपयोगी पडते.

आमच्या कन्नड विभागातील मित्रांनाही हेच सांगणे. सात म्हणा की एळु म्हणा, मात्रा तेवढ्याच भरतात. बाक आपल्याकडे आहेतच. मोजायला सुरुवात करू या.