रसद निघाली पुण्याहून

१२ जानेवारी २०२१ ला सकाळी आठच्या सुमारास पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून एक विमान दिल्लीकडे उडालं. त्यात चौतीस पेट्या होत्या, एकूण वजन १०८८ किलो. म्हणजे पेटीमागे ३२ किलो. आपला भरलेला गॅस सिलिंडरही याहून जरा हलका असतो. आता सांगा, अशा एका पेटीत प्रवासी किती असतील?

हसू नका, हिशेब करून बघू. त्या एका दिवसात पुण्यातून नऊ विमानांनी तेरा शहरांकडे साडेछप्पन लाख डोस जायचे होते आणि त्यासाठी पेट्या होत्या ४७८. भागाकार केला की पेटीत बाराएक हजार डोस येतात. कोव्हिशील्डचा डोस अर्ध्या मिलिलिटरचा, आणि त्या दहाएक थेंबांत विषाणूंचे कण असतात पाच हजार कोटी! सगळ्या पृथ्वीवरची माणसं तेव्हा आठशे कोटींच्याही आत होती. एका टोचणीत मनुष्यजातीच्या सहापट गर्दी. आणि अख्ख्या पेटीत? सहावर चौदा शून्यं. विमान कंपन्यांना असे प्रवासी मिळायचे नाहीत.

हो, विषाणूच. ही लस म्हणजे चिंपांझीला सर्दी देणारा एक विषाणू. त्याचं वाढणं बंद करून टाकलेलं, आणि पोटात कोरोनाच्या काट्याचा नुसता नकाशा ठेवलेला. आपल्या पेशी तो नकाशा वाचून काटा बनवतात, आणि शरीर त्या काट्याशी लढण्याची तालीम करून ठेवतं. वर्षभर जग ज्या जातीच्या जिवाला घाबरून घरात बसलं होतं, त्याच जातीचा एक जीव आता सरकारी बंदोबस्तात, ट्रकची पूजा करून, पहाटे पाचच्या आत पुण्याजवळच्या मांजरीतल्या लस-कारखान्यातून विमानतळाकडे निघाला होता.

यातली गंमत पुणेकरांना जास्त कळावी. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले होते. ते दुबईहून विमानाने मुंबईला उतरून टॅक्सीने पुण्याला आले होते, आणि पाठोपाठ टॅक्सीचालकालाही लागण झाली. आजार विमानाने आला, आणि दहा महिन्यांनी त्याच्यावरचा उतारा त्याच गावातून विमानाने निघाला.

मधल्या काळात आकाश ओस पडलं होतं. २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानं बंद झाली, ती दोन महिन्यांनी २५ मेला सुरू झाली. मुंबईला पहिल्या दिवशी परवानगी होती फक्त पंचवीस उड्डाणांना आणि पंचवीस उतरण्यांना. मधल्या सीटवरच्या माणसाला झगा चढवून बसवायचे, ते आठवतंय? लोक सगळ्यात जास्त भ्यायचे ते विमानातल्या हवेला. खरं तर ती हवा तासाला वीसेक वेळा बदलते, डोक्यावरून येऊन पायांपाशी निघून जाते, आणि त्यातली जी फिरून आत येते ती शस्त्रक्रियेच्या खोलीला शोभेल अशा गाळणीतून येते. शेजारच्याच्या खोकल्यावर मात्र या गाळणीचा इलाज नाही.

आता नकाशा काढा. ज्या तेरा शहरांना पेट्या जायच्या होत्या त्यांत लखनौ होतं. लखनौहून पुढे विभागाचं कोठार, मग जिल्ह्याचं, मग तालुक्याकडचं आरोग्य केंद्र. झाशी जिल्ह्यात, झाशीपासून पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास, गरौठा तहसिलीत गुरसराय नावाचं गाव आहे. पुण्याचं आणि गुरसरायचं नातं काही नवं नाही बरं का, आणि त्यात रसदही आहे! कोकणातल्या नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर पेशव्यांच्या कामावर बुंदेलखंडात गेले, 'गोविंदपंत बुंदेले' झाले, आणि त्यांच्या वंशजांची जहागीर पुढे गुरसरायला नांदली. पानिपतच्या आधी, डिसेंबर १७६० मध्ये, गोविंदपंत मारले गेले ते अब्दालीची रसद तोडण्याच्या मोहिमेत. त्यानंतर इकडे मराठ्यांच्या छावणीतच उपासमार झाली. रसद तुटली की काय होतं, हे या घराण्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

लशीची रसद तुटते ती तापमानापाशी. तिला दोन ते आठ अंशच लागतात. वर गेली की कस उतरतो. खाली जाऊन गोठली तर कायमची वाया. दही डीप फ्रीझरमध्ये ठेवून परत बाहेर काढून पाहा: पाणी वेगळं, चोथा वेगळा. पुन्हा कितीही घुसळा, ते दही होत नाही.

आणि विमान जातं कुठून? पस्तीस हजार फुटांवरून, जिथे बाहेर उणे पन्नासच्याही खाली तापमान आणि हवा जमिनीवरच्या पावपट. मग विमानाच्या पोटातल्या पेट्या गोठत कशा नाहीत? सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तेच इथे. इंजिनात शिरलेली बर्फगार हवा नुसती दाबली जाऊनच दोनशे अंशांच्या वर तापते. बहुतेक विमानांत तीच हवा थंड करून केबिनमध्ये सोडतात. म्हणजे त्या उणे पन्नासाच्या गारठ्यात विमानाला हवा *गार* करावी लागते! सामानाच्या कप्प्यातही दाब केबिनइतकाच असतो. खालच्या पेट्या आणि वरची माणसं एकाच फुग्यात बसलेली असतात.

दोन तासांत दिल्ली. आता हीच गोष्ट १८०२ ची पाहा. देवीची लस मुंबईला यायची होती, पण शीतपेटी नव्हती आणि वाळवलेली लस वाटेतल्या उन्हात टिकत नव्हती. तेव्हा माणसाच्या दंडालाच शीतपेटी केलं. एकाला टोचायचं, आठवड्याने त्याच्या फोडातला द्राव काढून दुसऱ्याला. बगदाद, बसरा असं दंडादंडावरून करत ती बोटीतून मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ ला ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या दंडावरून आणखी काही मुलांना, आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद. साखळीतलं एखादं पोर तापाने पडलं किंवा त्याचा फोड धरलाच नाही, की रसद तुटली! मला विमानापेक्षा या पोरांचंच जास्त नवल वाटतं.

विमान उतरल्यावर मात्र खरी कसोटी सुरू होते, कारण बुंदेलखंडातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि वीज तिच्या मर्जीने येते. इथला नायक आहे एक जाडजूड पांढरा फ्रिज. दार समोर नाही, वर आहे, पेटीच्या झाकणासारखं. का? थंड हवा जड असते. घरचा फ्रिज उघडला की ती पायांवर सांडते. याचं झाकण उचललं तरी ती विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. याच्या भिंतींत बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे चोवीस तासांत आठ तास सलग वीज मिळाली तरी भागतं. आत तापमापक, त्याला मोबाईलसारखं सिम. पारा हलला की अधिकाऱ्याच्या फोनवर संदेश.

तिथून पुढे खांद्याला अडकवायचा डबा, चार बाजूंना चार बर्फाच्या पट्ट्या. त्या फ्रीझरमधून काढल्या काढल्या डब्यात घालायच्या नाहीत, कारण इतक्या गार पट्टीला टेकलेली कुपी गोठेल. पट्ट्या बाहेर मांडून ठेवायच्या, त्यांना घाम फुटेपर्यंत. मग एक उचलायची, कानापाशी धरून हलवायची. आत पाणी खुळखुळलं? मग ती शून्य अंशाला आली, आता घाला. कोट्यवधींची विमानं, सिमकार्डाचे तापमापक, आणि शेवटचा निवाडा कानाने, नारळ पारखावा तसा!

कुपी उघडली की चार तास. तेवढ्यात दहा डोस संपवावे लागायचे, नाहीतर उरलेले फेकायचे. म्हणून गुरसरायसारख्या गावात एएनएम दीदी, म्हणजे केंद्रातली परिचारिका, कुपीचं बूच टोचण्याआधी बाकड्यांवरची डोकी मोजायची. सात, आठ, नऊ. एवढ्या लांबून आलेली रसद दाराशी थांबायची, आणि दीदी आशाताईला सांगायची, जा, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला बोलावून आण.